परागकणांची ॲलर्जी: इंजेक्शनांचा जुना मार्ग आणि नवा पर्याय

फाल्गुन सरून चैत्र लागला, की झाशीच्या आसपास गव्हाची कापणी आणि मळणी सुरू होते. त्याच सुमारास उत्तर भारतात वावळ वृक्षाचे परागकण हवेत असतात. मळणीयंत्रातून उडणारा भुसा, रस्त्यावरील रहदारीची धूळ आणि दगड फोडणाऱ्या क्रशरची भुकटी यांची भर त्यात पडते. सकाळी उठताच लागोपाठ दहा-बारा शिंका येतात, नाक वाहू लागते आणि डोळे चुरचुरतात. रुग्ण या साऱ्याला एकच नाव देतो: 'धुळीची ॲलर्जी'. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या एका नावाखाली निदान दोन भिन्न प्रक्रिया दडलेल्या असतात आणि इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या प्रतिकारक्षमता-उपचाराचा, म्हणजेच इम्युनोथेरपीचा, उपयोग त्यांपैकी एकाच प्रक्रियेत होतो.

दगडाची भुकटी किंवा धूर श्वसनमार्गाला क्षोभ पोहोचवितो. पुरेशा प्रमाणात ती भुकटी नाकात गेली, तर कोणालाही शिंका येतील. सिलिकायुक्त धूळ दीर्घकाळ फुप्फुसांत जात राहिल्यास सिलिकोसिससारखा गंभीर आजार जडतो. त्यावर प्रतिबंध हाच उपाय आहे, टोचणी नव्हे. ॲलर्जीची गोष्ट वेगळी. तेथे पदार्थ निरुपद्रवी असतो, पण विशिष्ट व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांमध्ये झाशीचा समावेश आहे. या कार्यक्रमात पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे मोजमाप महत्त्वाचे मानले जाते. गवतांचे परागकण मात्र साधारणतः २० ते ४० मायक्रॉन आकाराचे असतात. म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा फलक समाधानकारक आकडा दाखवीत असतानाही परागकणांच्या रुग्णाचा दिवस वाईट जाऊ शकतो. परीक्षार्थींनी हा भेद अवश्य लक्षात घ्यावा. पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच स्पष्ट केलेला आढळतो.

ॲलर्जी हा शब्द १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. तिच्या मुळाशी असणारे आयजी-ई हे प्रतिपिंड मात्र १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले. परागकणातील प्रथिनाविरुद्ध तयार झालेले हे प्रतिपिंड नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले, की या पेशी हिस्टामिन आणि अन्य रसायने सोडतात. नेहमीच्या गोळ्या हिस्टामिनचा मार्ग अडवितात, तर नाकात फवारावयाची स्टेरॉइड औषधे दाह कमी करतात. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु घेणे थांबविले की प्रतिकारयंत्रणेची मूळ चूक होती तेथेच असते.

ही चूक दुरुस्त करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी केला. गवताच्या परागकणांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचून ती हळूहळू वाढवीत नेण्याची पद्धत त्यांनी १९११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. परागकणांतून विष बाहेर पडते आणि आपण त्याविरुद्ध प्रतिविष निर्माण करीत आहोत, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना चुकीची ठरली, पण उपचार टिकला! विज्ञानाच्या इतिहासात असे अधूनमधून घडते. अल्प मात्रांच्या पुनरावृत्तीमुळे नियामक टी-पेशी कार्यरत होतात आणि आयजी-जी४ हे प्रतिपिंड वाढून प्रथिनाला वाटेतच गाठतात, हे आज ज्ञात आहे. या नियामक पेशींच्या शोधासाठीच मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

सध्याच्या प्रचलित पद्धतीत दंडाच्या त्वचेखाली आरंभी दर आठवड्यास आणि पुढे साधारणतः महिन्यास एक, अशी इंजेक्शने तीन ते पाच वर्षे दिली जातात. गवताच्या परागकणांवर तीन-चार वर्षे उपचार घेतलेल्या रुग्णांमध्ये तो थांबविल्यानंतरही तीन वर्षे लाभ टिकून राहिल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दिसून आले. हा दीर्घकालीन लाभ गोळ्यांपासून मिळत नाही.

परंतु ज्या पदार्थाने त्रास होतो तोच शरीरात टोचावयाचा असल्याने ॲनाफिलॅक्सिस या प्राणघातक प्रतिक्रियेचा धोका अल्प प्रमाणात का होईना राहतो. ब्रिटनमध्ये १९५७ पासून अशा उपचाराशी निगडित २६ मृत्यूंची नोंद झाल्यावर १९८६ मध्ये तेथे कडक निर्बंध आले. म्हणून इंजेक्शननंतर किमान अर्धा तास रुग्णाला दवाखान्यात थांबवून घेणे, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवणे आणि दमा आटोक्यात नसेल तर इंजेक्शन न देणे, या अटी अनिवार्य मानल्या जातात. ही कुपी घरी नेऊन गल्लीतल्या कंपाउंडरकडून टोचून घेण्याची गोष्ट नव्हे. मऊरानीपूरहून झाशीला येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की प्रत्येक इंजेक्शनासाठी जाऊन-येऊन शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, एका दिवसाची मजुरी आणि तेही तीन वर्षे. अनेक जण उपचार मध्येच सोडतात, यात नवल नाही.

तीन टोचण्यांचा प्रयोग

नवा पर्याय नेमका याच अडचणीवर बोट ठेवतो. त्वचेखाली टोचलेल्या अर्काचा अगदी थोडा अंश लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतो, प्रतिकारयंत्रणेचे 'शिक्षण' मात्र प्रामुख्याने त्या ग्रंथींतच होते. मग अर्क थेट ग्रंथीतच का देऊ नये? झुरिच येथील गाब्रिएला सेंटी, थॉमस कुंडिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६५ रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला तीन वर्षांत त्वचेखाली ५४ इंजेक्शने दिली गेली, तर दुसऱ्या गटाला जांघेतील लसीका ग्रंथीत दोन महिन्यांत केवळ ३. दुसऱ्या गटाला मिळालेली एकूण मात्रा सुमारे हजारपटीने कमी होती. तरीही लक्षणांतील सुधारणा तुल्य आढळली आणि दुष्परिणाम कमी झाले.

आकडे मोहात पाडणारे आहेत. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत रोगलक्षणांवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. तेथे दोन इंजेक्शनांमधील अंतर चार आठवड्यांपेक्षा कमी ठेवले गेले होते आणि हेच अपयशाचे कारण असावे, असे पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे आहे. त्यानंतरचे अभ्यासही बहुधा लहान आणि संमिश्र निष्कर्षांचे आहेत. त्यामुळे ग्रंथीतील इंजेक्शनाला अद्याप प्रमाणित उपचाराचा दर्जा मिळालेला नाही. आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की ग्रंथी नेमकी गाठण्यासाठी सोनोग्राफी यंत्र लागते आणि आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये अशा यंत्राची नोंदणी आवश्यक असते, मग त्याचा वापर गर्भवतींसाठी असो वा नसो.

कोणत्या गवताचा अर्क?

झाशीच्या दृष्टीने खरा प्रश्न टोचण्यांच्या संख्येचा नाहीच. तो कुपीतील द्रव्याचा आहे. युरोपातील चाचण्यांत वापरले जाणारे अर्क टिमोथीसारख्या शीत प्रदेशातील गवतांचे असतात. झाशी येथे १९६२ मध्ये भारतीय चराई व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात भारतीय तृणावरणाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी ज्या प्रकारात बुंदेलखंड मोडते, त्यातील प्रमुख गवते म्हणजे आपल्याकडील पवन्या आणि मारवेल. शिवाय सर्वत्र उगवणारी हरळी आहेच. (ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मणिकर्णिकेचा गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला, तेथे वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. तिचे परागकण ॲलर्जीचे एक सुपरिचित कारण आहेत.) टिमोथी, हरळी आणि मारवेल वनस्पतिशास्त्रानुसार तीन वेगवेगळ्या उपकुलांत येतात आणि त्यांच्या प्रथिनांतील साम्य मर्यादित असते. टिमोथीच्या अर्काने हरळीचा रुग्ण बरा होईल, असे गृहीत धरता येत नाही.

वेडी बाभूळ, वावळ, एरंड आणि पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम लक्षात आलेले गाजरगवत यांनाही हाच नियम लागू होतो. गाजरगवताने अंगावर उठणारा इसब तर बहुतांशी पेशीजन्य, विलंबित प्रतिक्रियेतून होतो आणि त्याला आयजी-ई वर आधारलेली ही इंजेक्शने लागू पडत नाहीत. भारतात मिळणाऱ्या अनेक अर्कांची तीव्रता अजूनही वजन-आकारमानाच्या प्रमाणात नोंदविली जाते, मुख्य प्रथिनाच्या जैविक प्रभावात नव्हे. त्यामुळे दोन उत्पादकांच्या, क्वचित एकाच उत्पादकाच्या दोन कुप्या समबल असतीलच असे नाही. माझ्या मते इंजेक्शने ५४ वरून ३ वर आणण्यापेक्षा हे प्रमाणीकरण अधिक निकडीचे आहे. मात्रा हजारपटीने कमी करावयाची, तर ती अचूक माहीत असावयास नको काय?

इंजेक्शनद्वारे मिळणारा दुसरा नवा पर्याय म्हणजे ओमालिझुमॅब हे एकपेशीय वंशाचे, अर्थात मोनोक्लोनल, प्रतिपिंड. अमेरिकेत २००३ मध्ये दम्यासाठी त्यास मान्यता मिळाली आणि जपानने २०१९ मध्ये सीडरच्या परागकणांमुळे होणाऱ्या तीव्र त्रासासाठी ते मान्य केले. ते रक्तातील आयजी-ई ला बांधून ठेवते. ते कोणत्या गवताविरुद्ध आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसल्याने कुपीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मात्र ते प्रतिकारयंत्रणेला काही शिकवीत नाही. दर दोन किंवा चार आठवड्यांनी घेत राहावे लागते आणि किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यास इम्युनोथेरपी म्हणणे सैलपणाचे ठरेल.

तेव्हा सारे पुन्हा स्थानिक हवेच्या ज्ञानापाशी येऊन थांबते. मराठवाडा विद्यापीठातील श्री. त्र्यं. टिळक यांनी १९७० च्या सुमारास तयार केलेल्या 'टिळक एअर सॅम्पलर'ने आठ दिवस अखंड हवेतील कण चिकटपट्टीवर टिपता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजून कोणत्या महिन्यात कोणते परागकण वा बुरशीचे बीजाणू असतात, याची दिनदर्शिका तयार होते. गव्हाचे परागकण जड असल्याने दूर जात नाहीत, चैत्रातल्या शिंकांना मळणीच्या धुळीतील बुरशी जबाबदार असू शकते, अशा गोष्टी अशाच मोजणीतून उलगडतात. झाशीत गवतांचे जाणकार आहेत, कृषिवानिकीची केंद्रीय संस्था आहे आणि १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रुग्णाने स्वतः करावयाचे काम त्यामानाने साधे: शिंका कोणत्या तिथीला, कोठे आणि कोणत्या वेळी आल्या, याची वर्षभर वहीत नोंद ठेवावी आणि त्वचेवरील चाचणीस जाताना ती वही सोबत न्यावी.