युरोपातील गावांची नावे आणि आपले ताट

शेव माळव्यात घरोघर होते. परंतु ‘रतलामी शेव’ या नावाची २०१४-१५ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणून नोंद झाल्यापासून ते नाव वाटेल त्या मालास लावण्याची मोकळीक राहिलेली नाही. युरोपात ही रीत जुनी आहे. फ्रान्समधील रोकफोर गावच्या मेंढीच्या दुधाच्या चीजला १९२५ सालीच कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने अशा नावांसाठी सामाईक नियम केला. नावाबरोबर कृतीही बांधली जाते, आणि आमच्या व्यापारी बंधूंनी नेमके हेच ध्यानी घ्यावयास हवे.

इटलीतील पार्मा व रेज्जो एमिलिया या परिसरातील ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीज पाहा. सुमारे चाळीस किलोच्या एका चक्क्यास साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते, आणि तो किमान बारा महिने मुरवावा लागतो. घटक तीनच : दूध, मीठ आणि रेनेट. रेनेट म्हणजे दूध गोठविणारे द्रव्य. ते वासराच्या जठरातूनच काढलेले असावे असा या चीजचा नियम आहे.

अस्सल तेच उत्तम, ही आपली पेढीवरची समजूत येथे उलटी पडते. अस्सलपणा हीच येथे त्याज्यतेची खूण! उलट, त्याच धर्तीचे भारतीय चीज सूक्ष्मजंतूंपासून मिळविलेल्या द्रव्याने गोठविता येते व त्याच्या पाकिटावर हिरवी खूण असते. (तेही नको म्हणणारे आपल्यात आहेत, त्यांच्याशी आमचा वाद नाही.) पोर्तुगालच्या सेर्रा दा इस्त्रेला पर्वतप्रदेशात तर मेंढीचे दूध एका काटेरी झाडाच्या वाळलेल्या फुलांच्या अर्काने गोठवितात, आणि त्या चीजचे नावही संरक्षित आहे.

जिनोव्हाची ‘पेस्तो’ ही सब्जाच्या पानांची हिरवी चटणी निरुपद्रवी दिसते. तीत लसूण असतो आणि बहुधा वरचे चीजही. पेयांविषयी लिहिण्याचे कारण नाही; शँपेन काय, पोर्ट काय, मद्य ते मद्य.

परदेशी शिकणाऱ्या मुलांनी व व्यापारानिमित्त जाणाऱ्यांनी उपाहारगृहात “मांस नाही ना?” एवढेच विचारणे अपुरे आहे. चीजमध्ये मांस नसतेच, म्हणून “नाही” हे उत्तर प्रामाणिकपणे मिळते. “रेनेट कशाचे?” असे विचारावे. ‘पेकोरिनो रोमानो’ असेल तर विचारण्याचीही आवश्यकता नाही. त्याचे रेनेट कोकराचे असते.