परसातली मोहरी आणि विहिरीचं पाणी



मोहरी म्हटली की आपल्याला फोडणी आठवते. तेल तापलं, मोहरी तडतडली, की तिचं काम संपलं! पण तोच दाणा मातीत पडला तर महिनाभरात कोवळ्या पाल्याची भाजी देतो. पंजाबात हा पाला थंडीभर घरोघर शिजतो. आपल्या वसईच्या वाड्यांत माठ, मुळा, मेथी होतेच; त्यांच्या शेजारी मोहरीचा एक वाफा सहज मावेल.

मोहरी हे थंडीचं पीक. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत पेरावं. उष्मा वाढला की रोप लवकर फुलावर येतं आणि पानं राठ होतात. दहा फूट लांब, तीन फूट रुंद असा थोडा उंच वाफा करा. त्यात दोन टोपल्या कुजलेलं शेणखत मिसळा. स्वयंपाकघरातली नव्या सालची मोहरी चहाचा एक चमचा पुरे. ती बारीक वाळूत कालवून, नऊ-नऊ इंचांवर ओळी धरून, अर्धा इंच खोल पेरा. चार-पाच दिवसांत रोपं दिसू लागतात. पंधरा दिवसांनी दाट रोपं उपटून दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवा. उपटलेली रोपं टाकू नका बरं का, तीच पहिली भाजी! महिन्याभरानं बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राखा. असे तीन-चार खुडे मिळतात. दर पंधरवड्याला थोडं थोडं पेरलं तर थंडीभर पाला पुरतो.

पानांवर मावा किंवा काळी अळी दिसली तर सकाळीच अळ्या वेचाव्यात. मावा हटत नसेल तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या आणि पानांच्या खालच्या बाजूला फवारा. त्यानंतर चार दिवस पाला खुडू नये, आणि खुडल्यावर चांगला धुवावा.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. पंप लावून सतत उपसा केला की वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. आपल्या भागातली बावखलं पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवत असत. त्यांतली कितीतरी बुजवली गेली. म्हणून पावसाळ्यानंतर गोडी असणारी विहीर उन्हाळ्यात मचूळ लागते.

मोहरी वाढीला लागली की थोडा खारेपणा सोसते. उगवताना मात्र ती नाजूक असते. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस बावखलाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी द्या, मग विहिरीचं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीही चालेल, साबणाचं नको. वाफ्याच्या माथ्यावर पांढरी पापडी धरत असेल तर बी माथ्यावर न टाकता उतरत्या कडेला टाका, कारण क्षार माथ्याशी गोळा होतात.

गुरुजी आणि बाईंना इथे एक सूचना करावीशी वाटते. दोन ताटल्यांत ओलं फडकं अंथरून प्रत्येकीत वीस दाणे ठेवा. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत नळाचं पिण्याचं पाणी. दोन्हींवर झाकण हवं, नाहीतर पाणी सुकून खारेपणा आपोआप वाढेल. चौथ्या दिवशी मुलांनी मोड मोजावेत आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत. औषध लावलेलं बी मुलांच्या हाती देऊ नये. हाच प्रयोग ऑक्टोबरात एकदा आणि एप्रिलात पुन्हा करा. विहिरीच्या ताटलीत मोड उशिरा आले, कमी आले, तर पाण्यात फरक पडला असं समजावं आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते मात्र या दाण्यांवरून कळत नाही.

राहता राहिली भाजी. मुळ्याच्या पाल्यासारखीच मूगडाळ आणि ओलं खोबरं घालून करावी. वरून लिंबू पिळा. त्यानं पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. पालकातला चुना शरीराला फारसा मिळत नाही, मोहरीच्या पाल्यातला चांगला मिळतो.

मंडळी, एक चमचा मोहरीनं कोणाची वाडी वाचणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मुलांनी स्वतः मोजलेले ते दोन आकडे ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या बैठकीत वाचून दाखवले, तर उरलेलं बावखल का राखायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.