चाल सुचली? जरा थांबा!

होस्टेलवर बुद्धिबळाचा पट मांडला की भोवती चार सल्लागार जमतातच. "अरे, घे ना तो हत्ती!" आपण घेतो आणि पुढच्याच चालीला वजीर गमावतो. बुद्धी कमी पडते म्हणून असं होत नाही, विचाराला क्रम नसतो म्हणून होतं.

पहिल्या चालीलाच पांढऱ्याकडे २० पर्याय, काळ्याकडेही २०. म्हणजे एकेका चालीत ४०० शक्यता! सगळ्या कोण तपासणार? सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव यांनी उपाय सांगितला : आधी मोजक्या 'उमेदवार' चाली निवडा, मग एकेकीचा हिशोब करा. आपल्यासाठी पायऱ्या अशा :

१) समोरच्याने ही चाल का केली?
२) दोन्ही बाजूंचे शह, मारामारी आणि धमक्या पाहा.
३) दोन-तीन उमेदवार चाली ठरवा.
४) प्रत्येकीवर समोरच्याचं सर्वांत कडक उत्तर शोधा.
५) हात लावण्याआधी पुन्हा पूर्ण पट पाहा. स्पर्धेत हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो!

उदाहरण घेऊ. दोन्ही राजांपुढची प्यादी ई४, ई५ वर. पांढरा वजीर एच५, काळा घोडा सी६, पांढरा उंट सी४. आता काळ्याला मोह होतो, दुसरा घोडा एफ६ वर आणून वजिराला हुसकावू. पण उंट सी४ वर का आला? एफ७ वर वजीर आणि उंट दोघांचा डोळा, राखणीला एकटा राजा. घोडा आणलात की वजीर एफ७ मारून मात! म्हणून आधी प्यादं जी६. वजीर एफ३ वर सरकला तर पुन्हा तीच धमकी. आता मात्र घोडा एफ६ वर आणा, वाट बंद. तोच घोडा, तेच घर, फक्त क्रम बदलला.

आपल्या वेल्ह्याकडचा राजगड आठवा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. गलका एकीवर झाला तरी पहारा तिन्हीकडे हवा. पटावरही तेच.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला रॅपिडमध्ये. घड्याळ पळत असताना नवा विचार सुचत नाही, लागलेली सवयच कामी येते. तेव्हा आज मेसनंतर पट मांडा, पाच प्रश्न विचारा आणि सल्लागारांना चहा आणायला पाठवा!