परागकणांची परीक्षा

कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि दुसऱ्याच दिवशी गुलाबी होऊन कोमेजू लागते. एवढ्या अल्प अवधीत परागण व्हावे लागते. म्हणून नवे वाण निर्माण करू पाहणाऱ्यास, निवडलेल्या झाडाचे परागकण सकस आहेत की वंध्य, हे आधी जाणून घ्यावे लागते.

जबलपूर येथे १९६४ साली जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. अशा विद्यापीठांतील विद्यार्थ्याला ही परीक्षा सहज करता येते. काचपट्टीवर थोडे पराग घेऊन त्यांवर ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्याचा थेंब टाकावा व सूक्ष्मदर्शकातून पाहावे. सकस कण भरीव व तांबडे दिसतात. वंध्य कण सुरकुतलेले व फिकट राहतात.

याचे कारण पुष्कळदा गुणसूत्रांत सापडते. देशी कपाशीच्या पेशीत २६, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. परागकणांत त्यांची संख्या निम्मी होते. या दोहोंच्या संकरातून ३९ गुणसूत्रांचे रोप निपजते. त्यांतील १३ गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत, त्यामुळे पराग बहुधा वंध्य निघतात. कॉल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे ७८ केल्यास ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघते.

मात्र हेच वंध्यत्व कधी उपकारकही ठरते. डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली सुरत येथे ‘संकर-४’ हे वाण सिद्ध केले. त्याच्या बियाण्यासाठी प्रत्येक कळीतील पुंकेसर आदल्या सायंकाळी हाताने काढावे लागत. मादी म्हणून निवडलेल्या झाडाचे पराग मुळातच वंध्य असतील, तर हे श्रम वाचतात आणि बियाणे शेतकऱ्यास स्वस्त पडू शकते.