गाडीची ताकद वाढवणे सोपे, जबाबदारी मात्र मालकाचीच

नवी दिल्ली : स्पोर्ट्स कार किंवा टर्बो इंजिनाची वेगवान हॅचबॅक घेतल्यानंतर काही महिन्यांतच अनेक मालकांची पावले ‘ट्यूनिंग’ करणाऱ्या गॅरेजकडे वळतात. मोकळा एक्झॉस्ट, अधिक हवा घेणारा फिल्टर, मोठा टर्बोचार्जर, खाली बसवलेले सस्पेन्शन आणि इंजिनाच्या संगणकातील नवी आज्ञावली हा या बाजारातील नित्याचा माल आहे. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, कोइमतूर अशा शहरांत हे काम कुशलतेने करणारे तंत्रज्ञही आहेत. तथापि, बसवलेल्या प्रत्येक भागाचा परिणाम गाडीच्या इतर यंत्रणांवर होतो. त्याखेरीज सार्वजनिक रस्त्यावर या बदलांना कायद्याची मान्यता किती, हा प्रश्न बहुतेक वेळा बिल चुकते केल्यानंतरच विचारला जातो.

ताकद येते कुठून?

पेट्रोल इंजिनात ताकद निर्माण होते ती हवा आणि इंधन यांच्या ज्वलनातून. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. त्यामुळे अधिक ताकद हवी असेल तर आधी सिलिंडरमध्ये अधिक हवा जायला हवी. टर्बोचार्जर हेच काम करतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर फिरणारे त्याचे पाते ताजी हवा दाबून आत ढकलते. हा दाब किती असावा, इंधन किती सोडावे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पडावी, हे इंजिनाचा संगणक, म्हणजेच ‘ईसीयू’, ठरवतो.

गाडी थंड प्रदेशात चालेल तशी राजस्थानच्या उन्हाळ्यातही चालेल, कुठे उत्तम तर कुठे साधारण इंधन मिळेल आणि देखभालीत हयगय होईल, हे गृहीत धरून कंपनी या आकड्यांत सुरक्षिततेची मोकळी जागा ठेवते. ‘रिमॅप’ करणारा तंत्रज्ञ नेमकी तीच जागा वापरतो. टर्बो इंजिनात केवळ आज्ञावली बदलून जाणवण्याइतकी वाढ मिळते. टर्बो नसलेल्या इंजिनात दाब वाढवण्याची सोय नसल्याने त्याच खर्चात लाभ अगदीच मर्यादित राहतो.

मोकळी जागा संपल्यावर

हवा दाबली की तापते. तापलेल्या मिश्रणाने ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या एखाद्या कोपऱ्यात आपोआप पेट घेतला तर त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. मिस्त्री त्याला इंजिन ठोकते असे म्हणतात. हे वारंवार घडल्यास पिस्टनला तडा जाऊ शकतो. नॉकिंग रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. इंडियन ऑइलने 2020 च्या डिसेंबरमध्ये 100 ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत आणले. मात्र अशा इंधनावर बेतलेली आज्ञावली असलेल्या गाडीत दूरच्या प्रवासात साधे पेट्रोल भरावे लागले, तर संरक्षणाची सारी भिस्त नॉक सेन्सरवर राहते.

ताण इंजिनापुरता मर्यादित राहत नाही. पुण्याजवळील चाकण येथे पूर्वी तयार होत असलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे उदाहरण घेता येईल. तिच्या 1.2 लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क 175 न्यूटन मीटर होता, तर कोरड्या क्लचच्या सात गतींच्या तिच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा 250 न्यूटन मीटर होती. हौशी मालकांत ही गाडी रिमॅपसाठी लोकप्रिय झाली त्याचे एक कारण हे अंतर होते. मोठा टर्बो बसवून ही मर्यादा गाठली की क्लच घसरू लागतो आणि वाढलेली ताकद चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी उष्णतेत वाया जाते.

ब्रेकचे गणित याहून कठोर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 100 किलोमीटरऐवजी 140 वेगाने धावणारी गाडी थांबवताना ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा शोषावी लागते. डॉट-4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी हीच किमान पातळी 155 अंश आहे. घाटात ते उकळले तर पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच अनुभवी तंत्रज्ञ टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल यांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतात. ग्राहकाला हवा असतो तो बहुधा आवाज आणि अश्वशक्ती.

कायद्याची रेषा

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी ही तरतूद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळ उच्च न्यायालयाचा शिथिल अर्थ फेटाळला. रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींना वाव असला, तरी गाडीच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल करता येणार नाही, हा या निकालाचा आशय आहे. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचाही रकाना असतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम 182-अ नव्या स्वरूपात आणले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एक्झॉस्ट, रिमॅप आणि सस्पेन्शन हे तीन वेगळे बदल मानले गेल्यास दंडही तिप्पट होतो. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडल्यास कलम 190 खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

‘पीयूसी’ प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी नियमात बसते, हा समज चुकीचा आहे. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत प्रामुख्याने उभ्या गाडीतील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासले जातात. धावत्या गाडीतून अधिक बाहेर पडणारे नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवलेली गाडी 1 एप्रिल 2020 पासून लागू असलेल्या भारत स्टेज-6 मानकांत बसत नाही.

एक दार उघडे, दुसरे बंद

कायदा सर्वच बदलांना नकार देत नाही. सीएनजी संच बसवण्यासाठी याच कलम 52 मध्ये मार्ग आहे. मान्यताप्राप्त संच, अधिकृत केंद्र आणि नोंदणी पुस्तिकेत नोंद या तीन टप्प्यांनी तो बदल वैध होतो. 2022 मध्ये केंद्र सरकारने भारत स्टेज-6 पेट्रोल गाड्यांसाठीही ही वाट खुली केली. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत अशा संचांची तपासणी होते. अधिक ताकद देणाऱ्या भागांसाठी अशी सोपी वाट सामान्य मालकाला उपलब्ध नाही.

जर्मनीत एक्झॉस्ट, स्प्रिंग किंवा चाक सुट्या भागाच्या स्वतंत्र मान्यतापत्रासह विकत मिळते. आवश्यक तेथे ‘ट्युफ’ संस्थेचा निरीक्षक ते तपासून कागदपत्रांत नोंदवतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या भागाला हवा मंडळाचा आदेश क्रमांक घ्यावा लागतो. या व्यवस्थांत भाग सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा मोठा भार उत्पादकावर पडतो. भारतात मान्यतेचा शिक्का नसलेला आणि पावतीवर ‘केवळ रेसिंगसाठी’ असे छापलेला भाग ग्राहक घेतो, आणि पुढची सर्व जोखीम त्याच्याकडे जाते.

कंपनीनेच हे काम केले तर काय होते, याचा नमुना 2018 मध्ये दिसला. टाटा मोटर्स आणि कोइमतूरच्या जयम ऑटोमोटिव्हज यांच्या संयुक्त उपक्रमातून टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी या गाड्या आल्या. टर्बो इंजिनासोबत सस्पेन्शन व टायरही बदलले होते आणि संपूर्ण गाडीला रीतसर मान्यता होती. भारत स्टेज-6 लागू होण्याच्या सुमारास मात्र त्यांचे उत्पादन थांबले.

विमा आणि रेसिंग ट्रॅक

वॉरंटीच्या बाबतीत कंपन्यांची भूमिका स्पष्ट असते. बदललेल्या भागामुळे झालेला बिघाड त्या स्वीकारत नाहीत, आणि आज्ञावली पूर्ववत केली तरी अनेक गाड्यांचा संगणक तिच्या खुणा जपून ठेवतो. विमा करार उभयपक्षी पूर्ण प्रामाणिकपणाच्या तत्त्वावर उभा असतो. बदल लपवल्यास अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. अपघातात तिसरी व्यक्ती जखमी झाली तर प्रश्न पैशापुरता राहत नाही. नियमबाह्य बदल केलेली गाडी चालवणे हा न्यायालयात निष्काळजीपणाचा मुद्दा होऊ शकतो.

हौसेला वैध जागा आहे ती रेसिंग ट्रॅकवर. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि 2011 मध्ये सुरू झालेले ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट येथे ‘एफएमएससीआय’ या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली शर्यती झाल्या आहेत. शर्यतीसाठी तयार केलेल्या गाडीला कोणता बदल चालेल, याचे नियम तेथे आधीच लेखी असतात. मात्र अशी गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवरूनच नेणे उचित ठरते.

रस्त्यावरच्या गाडीसाठी करता येण्याजोगे बरेच काही उरते. कंपनीने मंजूर केलेल्या मापाचे उत्तम टायर, दर्जेदार ब्रेक पॅड, वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल आणि अचूक व्हील अलाइनमेंट यांनी वळणावरचा विश्वास आणि थांबण्याचे अंतर यांत फरक पडतो, आणि नोंदणी पुस्तिकेतील एकही ओळ बदलत नाही. याहून पुढे जाणाऱ्या मालकाने पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारणे हिताचे आहे : या भागाला मान्यता कोणाची, तो बसवल्यावर आणखी कोणते भाग बदलावे लागतील आणि अपघात झाल्यास कोण उत्तर देईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घेता येतात. तिसऱ्याचे उत्तर आजच्या कायद्यानुसार बहुतेक वेळा मालकालाच द्यावे लागते.