उतारावरील परसू आणि पोंवळ्याच्या घंटा

परदेशी फुलझाडांचीं चित्रें पाहून बागेची हौस असलेल्या गृहिणीचें मन मोहून जावें, हें स्वाभाविक आहे. 'कोरल बेल्स' हें अशांपैकींच एक झाड होय. जमिनीलगत गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांचा झुबका आणि त्यांतून वर आलेल्या सडसडीत दांड्यांवर पोंवळ्याच्या रंगाच्या चिमुकल्या घंटा, असें त्याचें रूप असतें. त्याचें शास्त्रीय नांव ह्यूकेरा. हॉइखर नांवाच्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ लिनियसनें तें ठेविलें. तांबड्या फुलांच्या जातीचें माहेर म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको व उत्तर मेक्सिको येथील डोंगरांतील खडकांच्या सांदी.

हें माहेर ध्यानीं घेतलें म्हणजे महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत या झाडास काय अडचण पडेल, तें सहज उमगतें. खडकाच्या सांदींत पाणी ठरत नाहीं. आपल्याकडे तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. उकाडा आणि साचलेली ओल एकत्र आलीं कीं या झाडाचा बुंधा कुजतो. म्हणून तें जमिनींत न लावतां मातीच्या कुंडींतच लावावें. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील लवदार पानांची जात दमटपणा अधिक सोसते. रोप मागवावयाचेंच तर तिच्यापासून झालेल्या संकरित जातीचें मागवावें.

माती, जाड वाळू व कुजलेला पाचोळा समभाग घ्यावा. कुंडीच्या भोंकावर एक खापरी ठेवावी. बुंधा मातीखालीं दडपूं नये. कुंडी पडवींत, सकाळचें ऊन मिळेल पण पागोळ्या पडणार नाहींत अशा जागीं ठेवावी, आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घालावें. एवढें करूनही झाड टिकलें नाहीं तर खंत नको. पानांच्या रंगाची हौस कोलियस उत्तम भागवतो. त्याची फांदी पावसाळ्यांत खोंचली कीं जगते. बेगोनिया तर सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर आपणहून फुलतो.

पाण्यास वाट हवी, हा कुंडीचा नियम परसासही लागू आहे. आणि तेथें हयगय झाली तर हानि केवळ एका रोपाची होत नाहीं. महाड तालुक्यांतील तळीये येथें २२ जुलै २०२१ रोजीं अतिवृष्टींत दरड कोसळून कोंढाळकरवाडी गाडली गेली व ८० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. एवढी मोठी दरड परसांतील झाडांनीं थोपत नाहीं, हें स्पष्टच सांगितलें पाहिजे. तथापि पाणी मुरून जड झालेली माती उतार कशी सोडते, हें ओळखून वागणें प्रत्येक गृहस्थाच्या हातीं आहे.

बाग सपाट करण्यासाठीं घरामागील डोंगराचा पायथा उभा खणूं नये. पागोळ्यांचें व न्हाणीचें पाणी उतारांत मुरूं न देतां चर काढून ओहोळाकडे न्यावें. मृग लागण्यापूर्वीं त्या चरांतील पाचोळा काढावा. बांधावर वाळा लावावा. माठांत घालावयास तो उपयोगी पडतोच, शिवाय त्याचीं मुळें दोन-तीन मीटर खोल जाऊन वरची माती धरून ठेवतात.

मात्र जमिनीस नव्या भेगा पडल्या, झाडें वा खांब कलूं लागले, अथवा झऱ्याचें निर्मळ पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर वेळ दवडूं नये. कुंड्या, भांडींकुंडीं, देव्हारा यांचा मोह न धरतां मुलेंबाळें व वृद्ध मंडळी यांना घेऊन तत्काळ उतारापासून दूर, सुरक्षित जागीं जावें. हीं लक्षणें घरांतील लहानथोर सर्वांस पावसाळ्यापूर्वींच एकदां समजावून सांगावीं. कारण दरड रात्रीं कोसळली तर विचारविनिमयास सवड मिळत नाहीं.