पेरूची जेली आणि झाडाची भिंत

श्रोते हो, पेरूची जेली ज्या घरी होते तिथे एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फळे थोडी गद्दरच हवीत. सगळी मऊ पिकलेली घेतली, तर रस कितीही आटवा, जेली काही धरत नाही. असे का?

जेली धरवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली त्याचे वर्णन केले आणि 'गोठलेला' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. पण झाड पेक्टिन बनवते ते आपल्या जेलीसाठी नव्हे!

आपल्याकडची कुडाची भिंत आठवा. आत कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचा गिलावा. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती अशीच भिंत असते. सेल्युलोजचे धागे म्हणजे काठ्या, नि पेक्टिन म्हणजे गिलावा. शेजारच्या दोन पेशी चिकटून राहतात, तोही सांधा मुख्यतः पेक्टिनचाच.

आता गंमत पाहा. पेशी पाणी पिऊन फुगते, तेव्हा भिंत ताणली जाईल तरच ती वाढणार. म्हणून कोवळ्या भिंतीतले पेक्टिन सैल असते. पुढे विकरे त्यात बदल घडवतात, मग कॅल्शियम येऊन त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधते आणि भिंत घट्ट होते. फळ पिकताना मात्र उलटा कारभार! दुसरी विकरे पेक्टिन तोडतात, सांधे सुटतात, फळ मऊ पडते. पिकल्या पेरूची जेली धरत नाही ती यामुळेच.

शेतकरी बंधूंनो, टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो ना? तो कीड नव्हे, बुरशीही नव्हे. वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पडले, की तिथली पेशी ढासळते. जमिनीत चुना भरपूर असूनही असे होते. कारण कॅल्शियम पाण्याबरोबर चढते, आणि त्यातले बरेचसे पानेच ओढून घेतात. आठ दिवस कोरडे नि मग एकदम पाट सोडला, की फळ उपाशी राहते. अशा वेळी कीडनाशकावर पैसे घालवू नका. पाणी बेताने, पण नेमाने द्या. बुंध्याशी पालापाचोळा पसरा. नत्राचा मारा टाळा.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. गद्दर पेरू शिजवून गाळलेला गार रस एक चमचा घ्यावा, त्यात दोन चमचे स्पिरिट घालून हलकेच हलवावे. थोड्या वेळाने चिकट गोळा जमतो. तेच पेक्टिन. पिकल्या पेरूचा रस शेजारी ठेवला, तर फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. जवळ विस्तव नसावा आणि तो रस कुणी चाखू नये, एवढे मात्र सांभाळावे.